खालचा ओठ

कॅनडा कॉर्नरला भामरे मॅडमनी
आधी रक्त तपासलं, मग सांगितलं,
कोरडं पडेल सगळं.
डोळे, नाक आतून, ओठ. ओठ जास्त.
कॅप्सूल जेवणावर घ्यायची, जेवणात तूप हवं.
पिंपल्स जातील, पाच महिने धीर धर.
काम काय करतोस, हे त्यांनी विचारलं नाही.
मी मान डोलावली
आणि क्लॅरिनेटची पेटी पायानं
खुर्चीखाली आत सारली.

कारण क्लॅरिनेट खालच्या ओठावर उभी राहते.
ओठ दातांवर दुमडायचा,
त्यावर रीड, रीडवर श्वास.
बोटांचं काय, बोटं कुणीही शिकतं.

चौदाव्या दिवशी सालं सुटायला लागली
उकडलेल्या बटाट्यासारखी.
ओढू नये हे माहीत होतं. ओढायचो.
जांभई दिली की कोपरे फाटायचे.
मिसळीची तर्री लांबच राहिली,
पोह्यांवरचं लिंबू लागलं तरी रडू यायचं
आणि डोळ्यांत पाणी नसायचं.

आई रात्री वाटीत बोट बुडवून यायची.
"लहानपणी लावायला गेले की पळायचास."
सकाळी उशीवर मुंग्या.
बँडच्या लाल कोटाला सोनेरी झालर आहे,
खिसा नाही,
म्हणून व्हॅसलीनची डबी मोज्यात.

पण डबीचं आणि रीडचं वैर.
तुळतुळीत ओठावरून रीड घसरते,
सूर मांजरासारखा किंचाळतो.
पुसून वाजवावं तर तिसऱ्या गाण्याला रक्त.
रीड तोंडात धरून ओली करतात सगळे;
माझ्या तोंडात तिच्यापुरतीही थुंकी नव्हती.
मी तिला स्टीलच्या पेल्यात बुडवून ठेवायचो,
आणि ढोलवाला सुकदेव विचारायचा,
"काय रे, दात काढून ठेवलेस का?"

औषध सोड, लग्नसराई झाल्यावर घे,
असं दोघंतिघं म्हणाले.
मी आरशात डावा गाल मोजला. चार.
पूर्वी मोजायचोच नाही.

हिरामण मास्तर दोन लग्नं गप्प राहिले.
तिसऱ्याला त्यांनी एक सिगारेट फाडली,
तंबाखू झटकली, कागदाची चौपदरी घडी केली
आणि माझ्या खालच्या दातांवर बसवली.
"ओठाला रीड नाही टोचत. दात टोचतात, आतून.
थंडीत आम्हाला व्हायचं."
मग थोड्या वेळानं,
"सिगारेटचे पैसे कापीन."

निफाडला पारा पाचावर होता.
द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर अजून उठत होता.
मारुतीच्या पारापाशी नवरदेव घोड्यावर चढला,
आणि मुंडावळ्यांच्या मागे मला दिसली
तीच सालं,
कोपऱ्यात तीच लाल चीर,
पावडरीखाली तेच बरे होत आलेले डाग.
गाणं संपलं, मी मोज्यातून डबी काढली,
तसा तो घोड्यावरून खाली वाकला.

"कितवा महिना?"
"तिसरा."
"माझा चौथा. फोटोत चकाकतं म्हणून
पुसायला लावलं घरच्यांनी."

मी डबी वर दिली.
करवली ओरडली, अहो, काय चाललंय तिकडे!
घोडा हलला. त्यानं एका हातानं लगाम धरून
दुसऱ्यानं ओठ माखले,
हळदीच्या बोटानं, घाईघाईत,
लहान मुलानं चोरून लोणी खावं तसे.
थंडीत हसला आणि हसता हसता थांबला,
चीर ताणली असणार. मला कळलं.

डबी परत आली.
आत अंगठीवाल्या बोटाचा खड्डा, कडेला पिवळं.
मी त्याच खड्ड्यातून बोट फिरवलं,
लावलं, पुसलं,
कागद दातांवर नीट बसवला.
मास्तरांनी हात वर केला.
मांडव अजून अर्धा किलोमीटर होता.